पादेनियाचा फाटा: श्रीलंकेत २८ जणांची सहल, बंद पडलेली बस आणि पोसोनची रात्र

आमच्या विभागाची म्हणजे इतिहास आणि पालीच्या पोरांची श्रीलंकेची सहल जून २०२५ मध्ये झाली, २६ विद्यार्थी, मी आणि एक सर, असे २८ जण. परत आल्यापासून किमान पाच-सहा कॉलेजच्या लोकांनी फोन करून विचारलं की नेमकं काय झालं होतं तिकडं, कारण व्हॉट्सअॅपवर अर्धवट गोष्टी फिरल्या होत्या, कुणी म्हणे पोरं हरवली, कुणी म्हणे रस्त्यावर झोपली. म्हणून सगळं प्रकरण एकदाच सविस्तर लिहून ठेवते. यात आमच्या चुका आहेत तशाच लिहिल्यात.

आधी ग्रुप कसा होता ते सांगते. १४ पोरी, १२ पोरं. निम्मे संभाजीनगर जिल्ह्यातले, बाकी भोकरदन, गंगाखेड, हिंगोली, किनवट इकडले. २६ पैकी २३ जणांचा हा पहिलाच पासपोर्ट आणि २० जण तर विमानातच पहिल्यांदा बसत होते. पैसे लोकांनी कसे जमवले ते मला माहीत आहे, एकाच्या घरी सोयाबीन विकायचं थांबवलं होतं भाव येईल म्हणून, ते पोराच्या पैशासाठी आहे त्या भावात विकलं. त्यामुळं एकेक रुपया आणि एकेक दिवस वाया जाऊ नये हे आमच्या डोक्यावर सतत होतं, आणि काही चुका त्या घाईतूनच झाल्या.

श्रीलंकाच का, तर अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेणीत सिंहलावदानाचं मोठं चित्र आहे, सिंहल नावाचा व्यापारी, त्याचं जहाज, मग लंकेवरची स्वारी. आमची पोरं ते चित्र बघत मोठी झालीत. आणि महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात, बाराव्या प्रकरणात कोणते थेर (ज्येष्ठ भिक्खू) कुठं धर्मप्रसाराला गेले ती यादी आहे, त्यात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर लंकेला गेले आणि महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, आले असं एकाच यादीत येतं. म्हणजे एकाच वेळी निघालेल्या दोन वाटा. महिंद थेर लंकेत पोचले तो दिवस म्हणजे पोसोन पौर्णिमा, मिहिंतलेच्या डोंगरावर देवानंपिय तिस्स राजा शिकारीला आला होता तिथं त्यांची भेट झाली. २०२५ ला पोसोन १० जूनला, मंगळवारी होती. आम्ही मुद्दाम त्याच तारखेला मिहिंतले धरलं. कल्पना माझीच होती आणि मला ती आजही बरोबर वाटते. पण त्या दिवशी सगळा देश अनुराधपूर-मिहिंतलेकडं चालायला लागतो, याचा राहण्याच्या आणि प्रवासाच्या सोयीशी काय संबंध आहे हे मी पुरतं समजून घेतलं नव्हतं. पंढरपुरात आषाढीला रूम मिळते का, एवढंच स्वतःला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पहिली गडबड मुंबईतच झाली. रविवारी ८ जूनला दुपारी चारचं विमान होतं, आम्ही आदल्या रात्रीच्या गाडीनं सकाळीच मुंबईत पोचलो, तिथपर्यंत सगळं बरोबर. विमान निघालं रात्री दहाला. सहा तास उशीर. मुंबई-कोलंबो जेमतेम अडीच तासाचं अंतर आहे, म्हणजे कटुनायकेला, कोलंबोच्या विमानतळावर, उतरलो साडेबारा वाजता, इमिग्रेशन, बॅगा, पैसे बदलणे, सिमकार्ड, असं करत नेगोंबोच्या मुक्कामी झोपायला अडीच वाजले. सकाळी सातला निघायचं ठरलेलं होतं, पोरं उठेनात, मीच म्हणलं झोपू द्या. निघालो सव्वादहाला.

इथं दोन गोष्टी राहून गेल्या, दोन्ही लहान, पण पुढं सगळं त्यांच्यामुळंच झालं. एक म्हणजे सिमकार्ड. २८ जणांत आम्ही स्थानिक सिम फक्त तीन घेतले, एक माझ्याकडं, एक सरांकडं, एक बसमध्ये पुढं बसणाऱ्या पोराकडं. पोरांनी विचारलं होतं आम्ही पण घेऊ का, मी म्हणलं कशाला पैसे घालता, सगळे सोबतच आहोत की. दुसरी गोष्ट, त्या रात्रीचा मुक्काम मिहिंतलेजवळच्या अनुराधपूरला होता, तिथल्या गेस्टहाऊसला आम्ही कुणी फोन केला नाही की आम्हाला उशीर होतोय. नंबर माझ्याकडं होता, व्हाउचरवर छापलेला. पण बुकिंग एजंटमार्फत होतं, त्यामुळं ते एजंट बघेल असं मी धरून चालले.

बस दुपारी एक वीसला बंद पडली. कुरुनेगालाच्या पुढं, पादेनियाच्या अलीकडं. आधी एसी गेला, मग इंजिन गरम झाल्याचा वास, ड्रायव्हरनं बाजूला घेतली, बोनेट उघडलं तर पट्टा तुटलेला आणि रेडिएटरचं पाणी सगळं गेलेलं. ड्रायव्हर चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. त्यानं मालकाला फोन लावला आणि आम्हाला सांगितलं की दुसरी बस यायला पाच तास तरी लागतील, पोसोनमुळं सगळ्या गाड्या बाहेर आहेत. दुरुस्ती झाली तर लवकर, पण पार्ट कुरुनेगालाहून आणावा लागणार.

आता इथला अर्धा तास नीट सांगते, कारण या प्रकरणात बघण्यासारखं जे आहे ते इथंच आहे. आमच्यापुढं दोन रस्ते होते. एक म्हणजे सगळ्यांनी तिथंच थांबायचं. सावली होती, नारळाची बाग होती, जवळ एक दुकान होतं, पाणी मिळत होतं. पण थांबलो असतो तर अनुराधपूरला रात्री अकरा-बारा वाजले असते, पोरं आदल्या रात्री झोपलेली नव्हती आणि पहाटे मिहिंतले. दुसरा रस्ता म्हणजे पुढं पादेनियाच्या फाट्यावर जाऊन साध्या बसनं निघायचं, अजून ८० किलोमीटरच्या आसपास राहिलं होतं. सर म्हणाले थांबू, ग्रुप फुटू द्यायचा नाही. मी म्हणलं निघू. पोरांना विचारलं तर पोरं अर्थातच निघू म्हणली. शेवटी ठरलं असं की सर आणि दोन दणकट पोरं बॅगांसोबत बसपाशी थांबतील आणि बाकी २४ पोरं आणि मी साध्या बसनं जाऊ.

पण २५ माणसं एका भरलेल्या बसमध्ये घुसत नाहीत. पोसोनच्या आदल्या दिवशी तर अजिबात नाही. म्हणून सहा-सहाचे चार गट केले, एका गटासोबत मी. प्रत्येक गटात पोरं-पोरी मिळून, एक गटप्रमुख. प्रत्येक गटाला ५००० लंकन रुपये दिले, आपला एक रुपया म्हणजे तिकडचे साडेतीनच्या आसपास, म्हणजे आपले चौदाशे-पंधराशे. यूपीआय श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, पण खेड्यातल्या बसच्या कंडक्टरला रोखच लागतात. मग ड्रायव्हरला एक काम सांगितलं, आणि हे एकच काम आमच्या हातून डोकं ठिकाणावर ठेवून झालं. चार चिठ्ठ्यांवर त्याच्याकडून सिंहलीत लिहून घेतलं, अनुराधपूर, नवीन बसस्टँड, आणि खाली माझा लंकेचा नंबर, पोलिसांचा ११९ आणि अँब्युलन्सचा १९९०. अनुराधपुरात जुनं आणि नवं असे दोन बसस्टँड आहेत हे त्यानंच सांगितलं, नाहीतर तोही एक घोळ झाला असता.

पादेनियापर्यंत टुकटुकनं गेलो. पादेनिया हा फाटा आहे. एक रस्ता उत्तरेकडं अनुराधपूरला जातो आणि एक निकवेरटियावरून पुत्तलमला, म्हणजे समुद्राकडं. तिथं ही गर्दी, पांढऱ्या कपड्यातली माणसं, म्हातारे, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी. बस लाल, आपल्या लालपरीसारखीच, खिडक्या उघड्या, दारात माणसं लटकलेली. पोरं तर खुश झाली, म्हणली मॅडम ही तर आपलीच एसटी आहे. एक पोरगा पुढच्या रिकाम्या सीटवर बसला तर कंडक्टरनं उठवलं, पुढच्या सीटा भिक्खूंसाठी राखीव असतात, कितीही गर्दी असली तरी त्यावर कुणी बसत नाही.

पहिला गट गेला, दुसरा गेला. तिसऱ्या गटाला बसवताना दोन गाड्या मागंपुढं उभ्या होत्या, एक माणूस हात करून मागची दाखवत होता, पोरं पुढच्या गाडीत चढली. मी बघितलं चढलेलं, आणि मला वाटलं झालं. चौथा गट म्हणजे आम्ही, मागच्या गाडीत चढलो. दोन्ही गाड्या निघाल्या. पुढची कुठं वळली हे गर्दीत मला दिसलंच नाही.

साडेचारला मी अनुराधपूरच्या नव्या बसस्टँडवर उतरले तर दोन गट उभे होते, तिसरा नव्हता. त्यांची गाडी आमच्या आधी निघालेली, तरी आमच्यानंतरही आली नाही. पावणेपाच झाले, पाच झाले. चार पोरी, दोन पोरं. कुणाकडंच सिम नाही. मी सगळ्या गाड्यांच्या कंडक्टरला चिठ्ठी दाखवून विचारत सुटले. त्या चाळीस-पन्नास मिनिटांत मला काय वाटत होतं ते लिहिता येत नाही, त्यातल्या एका पोरीच्या आईनं स्टेशनवर माझा हात धरून सांगितलं होतं की माय, लेकरू तुझ्या ओटीत घातलंय.

पाच वीसला माझा फोन वाजला, अनोळखी नंबर, आणि पलीकडं तीच पोरगी. त्यांची बस पुत्तलमची होती. निकवेरटियाला कंडक्टर तिकिटं तपासत आला तेव्हा लक्षात आलं. पोरीनं चिठ्ठी काढून दाखवली, कंडक्टरनं वाचली, त्यांना उतरवलं, तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि स्टँडवरच्या एका शाळामास्तरणीच्या हवाली केलं. त्या बाईंनी त्यांना परत पादेनियाच्या गाडीत बसवलं, स्वतः सोबत आल्या, फाट्यावर अनुराधपूरच्या गाडीत बसवून दिलं आणि गाडी सुटायच्या आधी स्वतःच्या फोनवरून मला लावून पोरीकडं दिला. आधी का नाही लावला, तर आधी दोनदा लावला होता, मी कंडक्टरांच्या मागं पळत होते आणि फोन पिशवीत होता. हे मला फार लागलं. एकाच फोनवर सगळ्यांचा जीव टांगलेला, आणि तो फोन मी पिशवीत ठेवलेला.

गट पावणेआठला पोचला. सगळे नीट. पोरगी उलट मलाच पाणी द्यायली.

तोवर गेस्टहाऊसचं कळलं होतं. मी दोन गट घेऊन सहाला तिथं गेले होते, चौथ्या गटाला स्टँडवर थांबवून. दहा रूम बुक होत्या, हातात चार. मालकाचं म्हणणं असं की एजंटकडून अर्धेच पैसे आले होते, बाकीचे आदल्या दिवसापर्यंत यायचे होते, तुम्ही दोनला येणार म्हणला होता, चारपर्यंत वाट बघितली, कुणाचा फोन नाही, दारात लेकरंबाळं घेऊन माणसं उभी होती, दिल्या रूम. मला त्याचा राग आला, पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. एजंटला फोन लावला तर तो म्हणे बघतो, सकाळी बोलू. गावात बाकी कुठं रूम मिळणं शक्यच नव्हतं, माणसं रुवनवेलिसायच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या स्तूपाच्या, आजूबाजूला चटया टाकून झोपत होती.

मी त्या मालकाशी भांडत बसले नाही, एवढं मात्र बरं केलं. त्याला सरळ विचारलं, तुमच्या घरची १२ पोरं असती तर तुम्ही त्यांना आत्ता कुठं नेलं असतं? तो म्हणाला विश्रामशाळेत. हा शब्द आपलाच, मला लगेच समजला. यात्रेकरूंसाठी विहाराच्या बाजूला मोठी धर्मशाळा असते, जमिनीवर चटई, बाहेर नळ. त्यानं स्वतः फोन केला, टुकटुक पाठवली. १४ पोरी आणि मी चार रूममध्ये, आणि पोरं विश्रामशाळेत. सर बस दुरुस्त करून रात्री दहाला बॅगा घेऊन आले आणि तिकडं पोरांसोबत राहिले.

पोरं तिथं पोचली तेव्हा व्यवस्था बघणाऱ्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पोरांना सिंहली येत नव्हतं. पासपोर्ट दाखवले, इंडिया म्हणलं, पण हे कोण, कशाला आले, त्यांना कळेना. तेव्हा किनवटच्या पोरानं हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, बुद्धं सरणं गच्छामि, बाकीच्यांनी पुढं पंचशील. आजोबा सोबत म्हणायला लागले. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. मग विचारणं संपलं. त्यांनी चटया आणून दिल्या आणि समोरच्या दन्सलमध्ये नेलं. दन्सल म्हणजे दानशाला, पोसोनला रस्त्यानं जागोजागी मांडव असतात, येणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण. आपल्याकडं पालखीच्या वाटेवर गावं पंगती घालतात तसंच. भात, वरणासारखी परिप्पू, फणसाची भाजी, आणि बेलफुलाचा चहा, त्याला बेलीमल म्हणतात. भाताला ते बत् म्हणतात, दिवसाला दवस, गावाला गम. पोरांनी रात्रभर असे शब्द गोळा केले. पाली शिकवायला मला वर्षभरात जे जमलं नव्हतं ते त्या चटईवर झालं, असं मी मनापासून म्हणते.

इकडं मात्र गावाकडं वेगळंच पेटलं होतं. एका पोरीनं संध्याकाळी स्टेटस ठेवलं, रूम नाही मिळाली, बस पण बंद. बिचारीनं सहज ठेवलं. तासाभरात मला ३० च्या वर कॉल. गंगाखेडचे एक वडील, शेतकरी माणूस, फक्त एवढंच विचारत होते, "मॅडम, माझं लेकरू आत्ता ह्या टायमाला कुठं हाय, तेवढं सांगा, बाकी काय बी बोलू नका." आणि त्या वेळी त्यांचं लेकरू नेमकं त्या तिसऱ्या गटात होतं, बसमध्ये. मी खोटं बोलले नाही. सांगितलं की चुकीच्या बसमध्ये बसली होती, आता बरोबर बसमध्ये आहे, माझं बोलणं झालंय, दोन तासात माझ्यापाशी येईल, आली की तिच्याकडून फोन करवते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले बरं. पावणेआठला तिला आधी फोन लावून दिला, मग पाणी.

त्या रात्री साडेनऊला मी पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला, कोण कुठं झोपतंय नावानिशी, काय बिघडलं, आता काय ठीक आहे, पुढचा मेसेज सकाळी आठला. आणि आठ म्हणजे आठला टाकला. कॉल जवळपास बंद झाले. लोक वाईट बातमीनं इतके घाबरत नाहीत जितके अर्धवट बातमीनं घाबरतात, हे मला तेव्हा दिसलं.

पहाटे चारला निघून मिहिंतले चढलो. १८४० पायऱ्या, सगळीकडं पांढरे कपडे आणि दिवे. तिसऱ्या गटातली पोरं सगळ्यात पुढं होती.

त्यानंतर सहलीची घडीच बदलली. ११ तारखेला सकाळी आणखी चार सिम घेतले, सहा-सहा, सात-सातचे तेच गट कायम ठेवले, प्रत्येक गटाकडं १०००० लंकन रुपये अडचणीचे म्हणून वेगळे, प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाकिटात सिंहलीत लिहिलेलं कार्ड, त्यावर त्या दिवशीच्या मुक्कामाचं नाव. पासपोर्ट आधी सगळे माझ्याकडं एका पिशवीत होते, ते ज्याचे त्याला दिले आणि झेरॉक्स माझ्याकडं ठेवल्या, कारण ती एक पिशवी हरवली असती तर २८ जणांना कोलंबोत आपल्या उच्चायुक्तालयात बसावं लागलं असतं. आणि रोज सकाळी नाश्त्याआधी पुढच्या मुक्कामाला थेट फोन, एजंटला नाही. कॅन्डीच्या हॉटेलला असा फोन केला तेव्हा कळलं की बुकिंग १३ तारखेचं लागलंय, आम्ही जाणार १२ ला. एक दिवस हातात होता म्हणून जमलं, सिगिरियात एक रात्र वाढवली, दांबुल्लाची लेणी दुसऱ्या दिवशी सावकाश बघितली. वेरूळ बघितलेली पोरं तिथं छतावरचे रंग बघत तासभर हलली नाहीत.

पैशाचं सांगते. विमा काढलेला होता आणि त्यात उशिराची भरपाई होती, पण त्यासाठी विमान कंपनीचा उशिराचा लेखी दाखला लागतो. तो त्याच वेळी काउंटरवर मागायचा असतो, आम्ही ईमेल करून मागवला, पाच आठवडे गेले. जास्तीच्या टुकटुक, बस, सिम, गेस्टहाऊस मिळून माणशी आठशेच्या आसपास जादा गेले, ते आम्ही पोरांकडून घेतले नाहीत. एजंटनं सहा रूमचे पैसे अर्धे परत केले, उरलेल्यांसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

सर आणि माझ्यात मात्र एका गोष्टीवर अजून एकमत नाही. सर म्हणतात पादेनियाच्या अलीकडंच थांबायला पाहिजे होतं, नारळाच्या बागेत, सगळ्यांनी सोबत, अकरा वाजले असते तर वाजले असते, सहा लेकरं परक्या देशात तीन तास कुणाच्याच नजरेत नव्हती. मी म्हणते गट करणं बरोबर होतं, फोन न देणं चूक होतं. गंगाखेडच्या त्या वडिलांना मी परत आल्यावर भेटायला गेले तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी बराच वेळ विचार केला, मग पोरीला हाक मारली आणि म्हणाले तू सांग. ती म्हणाली, "थांबलो असतो तर मला राग आला असता. पण प्रत्येक गटात एक तरी फोन पाहिजे होता, मॅडम, ते तुम्ही ऐकलं नाही आमचं."